आधी वखार, मग वेधशाळा

इंग्रजांबद्दलचा एक मजकूर बऱ्याच दिवसांपासून फिरतो आहे. त्याचा सारांश असा : सतराव्या शतकात इंग्लंडात आधुनिक विज्ञान जन्मलं ते निव्वळ बुद्धी आणि जिज्ञासेच्या जोरावर, वसाहतींशी त्याचा संबंध नव्हता. मग त्याच विज्ञानाच्या बळावर इंग्रजांनी हिंदुस्थान जिंकला. ऐकायला गोड आहे, पण एकेक विधान तपासायला घेतलं की गडबड दिसू लागते.

‘आधी विज्ञान, मग वसाहती.’ साधी सनावळी काढा. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६००ची, व्हर्जिनियातलं जेम्सटाउन १६०७चं. रॉयल सोसायटी, म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञांची संस्था, स्थापन झाली १६६०मध्ये. त्याच्याही आधीचा थॉमस हॅरियट घ्या. हा गणिती सर वॉल्टर रॅलेच्या पदरी होता. १५८५मध्ये रॅलेने अमेरिकेच्या किनाऱ्यावर रोअनोकला वसाहत करायला माणसं पाठवली, त्यांत हाही गेला. मँटिओ आणि वँचीस या तिथल्या दोघांकडून त्याने त्यांची भाषा शिकून घेतली होती. परत आल्यावर त्याने पुस्तक लिहिलं, त्यात त्या मुलुखातून कोणता माल निघेल, काय पिकेल, लोक कसे आहेत याची तपशीलवार नोंद आहे. याच हॅरियटने १६०९च्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. वसाहतवाला आणि शास्त्रज्ञ अशी दोन माणसं इथे वेगळी काढताच येत नाहीत.

‘न्यूटनने खोलीत बसून विश्वाचा नियम शोधला.’ खोलीत बसून हे खरंच, तो इंग्लंडबाहेर कधी गेला नाही. पण त्या खोलीत कागद कुठून कुठून येत होते? १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’ या त्याच्या ग्रंथात भरती-ओहोटीचं विवेचन आहे, त्यात टाँकिनच्या, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामच्या, किनाऱ्यावरच्या एका बंदराचा दाखला येतो. तिथे दिवसात दोनदा नाही, एकदाच भरती येते. ही नोंद पूर्वेच्या व्यापारातल्या एका इंग्रज दर्यावर्द्याने केली होती. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, या निष्कर्षाला विषुववृत्ताजवळ लंबकाचं घड्याळ मागे पडतं या निरीक्षणाचा आधार होता. त्यातलं एक निरीक्षण केयेनचं, म्हणजे फ्रेंचांच्या दक्षिण अमेरिकेतल्या वसाहतीतलं. दुसरं सेंट हेलेनाचं, एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने केलेलं.

सेंट हेलेना हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट ईस्ट इंडिया कंपनीचं. विशीतला हॅली १६७६मध्ये ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून कंपनीच्या जहाजातून तिथे गेला, आणि त्याला न्यावं म्हणून खुद्द राजाने कंपनीला सांगितलं होतं. दक्षिण आकाशातल्या ३४१ ताऱ्यांची यादी घेऊन तो परतला. ग्रीनिचची वेधशाळा १६७५ची, आणि तिच्या राजाज्ञेतच लिहिलंय की समुद्रावर रेखांश काढता यावा आणि नौकानयन सुधारावं म्हणून ही उभारायची. जिज्ञासा होतीच, पण बिल जहाजांच्या नावावर फाडलं जात होतं.

‘रॉयल सोसायटीचे लोक पैशापासून अलिप्त होते.’ हे वाचून हसू आलं. रॉबर्ट बॉइलचे हवेवरचे प्रयोग घरच्या पैशावर चालले. ते पैसे वडिलांनी आयर्लंडात कमावलेल्या जमिनींचे. बॉइल स्वतः काही वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारी मंडळावर होता. सोसायटीचा संस्थापक सदस्य विल्यम पेटी याने त्याआधी आयर्लंडची मोजणी केली होती, ती आयरिश लोकांच्या जप्त केलेल्या जमिनी इंग्रज सैनिकांना आणि सावकारांना वाटण्यासाठी. आणि सोसायटीने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर घेतले होते.

आपल्याकडचा धागाही आहे. ज्या दुसऱ्या चार्ल्सने सोसायटीला सनद दिली, त्यालाच मुंबई आंदण मिळाली होती. १६६८मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. सोसायटीने सुरतेकडे जाणाऱ्यांसाठी प्रश्नावली छापली होती. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५मध्ये मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला गेला होता. इकडची हवा, रोग, झाडं, माणसं त्याने टिपली, आणि पुढे तो सोसायटीचा सदस्य झाला.

याच्या उलट टोकाचा मजकूरही फिरतो, की सगळं चोरलेलं होतं. तेही खरं नाही. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने रक्ताभिसरण शोधलं त्यात वसाहतींचा वाटा दाखवता येणार नाही. टाँकिनची भरती अनेक खलाशांनी पाहिली असेल, तिच्यातून गुरुत्वाकर्षणाचा नियम पक्का करायला न्यूटनच लागला.

उरलं ‘विज्ञानाच्या बळावर हिंदुस्थान जिंकला.’ ‘प्रिन्सिपिया’ निघालं त्याच सुमारास कंपनीने औरंगजेबाशी लढाई उकरून काढली. १६८९मध्ये औरंगजेबाच्या बाजूच्या जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतची फौज शिवडीला उतरली, माझगावचा किल्ला घेतला आणि इंग्रजांना मुंबईच्या कोटात कोंडून बसवलं. १६९०मध्ये कंपनीच्या वकिलांनी बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठे सिद्दी हलला. प्लासी त्यानंतर ६७ वर्षांनी झाली, आणि तिथे कामी आले ते फितूर झालेला सेनापती मीर जाफर आणि सावकार जगतशेठ.