'काकू, टाइमपास' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ताटातल्या वस्तूंच्या खेळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "काकू, टाइमपास म्हणून ठीक आहे. पण अशा खेळांनी माणूस त्या खेळातच पटाईत होतो, बाकी काही नाही. संशोधन वाचा. सात वस्तूंचा आकडाही जुना झाला. आणि फी किती घेता?"

आकड्याचं मान्य. माणसाच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी राहतात, त्याचा तो आकडा. मानसशास्त्रज्ञ मिलर यांचं 'सात, दोन कमी-जास्त' 1956 चं. कोवान या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये ते चारच्या आसपास आणलं. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं?

आता 'काकू'. मी एकसष्ट वर्षांची आहे, बिल्डिंगमधली सगळी पोरं मला काकूच म्हणतात. पण 'काकू'ला लागूनच 'टाइमपास' आला की कळतं, आपल्याला हळदीकुंकवाच्या रांगेत बसवलंय. हेच सगळं एखाद्याने कोट घालून, प्रोजेक्टर लावून 'टीम बिल्डिंग' म्हणून शिकवलं असतं तर तुम्ही त्याला सर म्हणाला असता. नसता म्हणाला? बरं.

हा टाइमपास कसा चालतो ते तरी ऐका. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दहा-बारा जण जमतो. ताटात पंधरा वस्तू, मिनिटभर बघायच्या, मग वर पंचा. गेल्या खेपेस अडकित्ता, किल्ली, लोकलचं तिकीट, जायफळ, तुटकी बांगडी असं काय काय होतं. एका आजोबांना पाच आठवल्या. शेजारच्या बाईंना तेरा, कारण त्यांनी गोष्ट रचली होती: किल्लीने कपाट उघडलं, आत बांगडी, ती विकून तिकीट काढलं. दुसऱ्या ताटाला वस्तू बदलल्या, आजोबांनी स्वतःची गोष्ट रचली आणि अकरा सांगितल्या.

मग पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने हातातलं चित्र बोलून सांगायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. एक जोडपं, लग्नाला चाळीस वर्षं झालेली. "त्याच्या बाजूला गोल काढ." "कशाच्या? कुठल्या बाजूला?" "अगं, बाजूला म्हणजे बाजूला!" कागद उलगडला तर घराचा दरवाजा छपरावर. दोघं इतके हसले की पुढचा डाव राहिलाच.

आणि स्मरणशक्तीचं मला सांगू नका. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर मी बावीस वर्षं काढली. दोनशे एक्स्टेन्शन तोंडपाठ होते, डायरी न उघडता. सरावानेच झालं ना ते? (आता कोथिंबीर आणायला जाऊन कोथिंबीर सोडून सगळं आणते, तो भाग वेगळा.)

संशोधन मीही वाचते. तुम्ही म्हणता तसंच सांगणारा 2016 चा मोठा आढावा मुख्यतः संगणकावरच्या मेंदूच्या खेळांचा होता. तिथे माणूस एकटा पडद्यासमोर. आमच्याकडे समोर माणूस असतो. यापुढे वाद घालायची माझी तयारी नाही. 'आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगा' या फेरीलाही तुम्ही पुढे 'शाळकरी' म्हटलंय. असू दे शाळकरी.

राहिली फी. फी नाही. चहाचे दहा रुपये असतात, आणि तेही दर रविवारी तिघं-चौघं द्यायला विसरतात.