आगळ, कॅन्सर आणि उणे ९.२

महिनाभर रत्नागिरी-मालवणच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘आमसुलातलं गार्सिनॉल कॅन्सरवर केमोपेक्षा भारी. कॉम्प्युटरने सिद्ध केलं, बाइंडिंग एनर्जी उणे ९.२! कंपन्या दडपतायत. रोज उपाशीपोटी अर्धी वाटी आगळ प्या.’ आगळ म्हणजे कोकमाचा खारट रस. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, असा आकडा काढायची ‘डॉकिंग’ नावाची कॉम्प्युटरची पद्धत मुलांकडून करून घेतो. म्हणून गप्प बसवेना.

‘सिद्ध केलं’ म्हणे. अहो, डॉकिंग म्हणजे प्रथिनाच्या खोबणीत रेणू कसा बसेल याचा अंदाज. बाइंडिंग एनर्जी म्हणजे त्या पकडीचा आकडा, मोलमागे किलोकॅलरीत; जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट. त्यात प्रथिन बहुधा ताठ धरलेलं असतं, भोवतालचं पाणी हिशेबात जेमतेम. ऑटोडॉक व्हिना हा फुकट मिळणारा प्रोग्राम सगळेच वापरतात. तो बनवणाऱ्यांनीच २०१० साली त्याची सरासरी चूक मोलमागे सुमारे २.८५ किलोकॅलरी असल्याचं छापलंय. आणि १.३६ चा फरक पडला की पकड दहापट बदलते! म्हणजे त्या ९.२ मध्ये शंभरपटीची गफलत सहज लपेल.

‘केमोपेक्षा भारी’ हे त्याच आकड्यावरून. पण हा आकडा थोराड रेणूंवर भाळतो. गार्सिनॉलचा रेणुभार ६०३, इमॅटिनिब या कॅन्सरवरच्या खऱ्या औषधाचा ४९४. एका मुलाला मी मुद्दाम कोलेस्टेरॉल बसवून बघायला सांगितलं. त्यालाही झकास आकडा आला. पोरगं खूश, ‘सर, औषध सापडलं!’

दडपण्याचं म्हणाल, तर गार्सिनॉलवरचे शोधनिबंध कुणालाही वाचता येतात. कंपन्याही डॉकिंग करतात, पण लाखो रेणूंतून थोडे निवडायला. चाळणीसारखं. खरं काम त्यानंतरचं. आपल्या सह्याद्रीतलं नरक्याचं झाडच घ्या. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हा रेणू १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळा केला, तो कॅन्सरच्या पेशी मारतही होता. तरी १९७०च्या दशकात माणसांवरच्या चाचण्या दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्यात फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं आली, अमेरिकेत मान्यता १९९६ साली. तीस वर्षं!

राहिलं आगळ. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींना मीठ लावून सुटलेला तो रस. गार्सिनॉल पाण्यात धड विरघळत नाही, त्यामुळे आगळात ते फारसं उतरणार नाही. मीठ मात्र पुरेपूर. शेजारच्या काकी बीपीच्या गोळीवर आहेत आणि मेसेज वाचून आठवडाभर वाटी लावत होत्या. त्यांची बाटली सोलकढीसाठी म्हणून मी घरी आणलीय.