एका खोडावरून दुष्काळ सांगतंय कोण?

“देवदाराच्या खोडातली वलयं मोजून तीनशे वर्षांपूर्वीचे दुष्काळ सांगणं म्हणजे कुडमुड्या जोशाचा धंदा.” असा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातले आक्षेप तीन. एका झाडाचा भरवसा काय? तेव्हा पाऊस मोजलाच नव्हता, तर पडताळणार कशाशी? आणि भारतातल्या झाडांना वलयं असतात तरी कुठे?

एका झाडाचा भरवसा नाहीच. म्हणून तर कोणी एकावर विसंबत नाही. पोकळ गिरमीट खोडात फिरवून जेमतेम 5 मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीहून बारीक कांडी काढतात. झाड तोडावं लागत नाही. कांडी घासून गुळगुळीत केली की फिकट-गडद पट्टे उठून दिसतात. वर्षाला एक वलय, कोरड्या वर्षी बारीक. मग एकाच उतारावरच्या बऱ्याच झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून जाड-बारीक वलयांचा क्रम जुळवायचा. एखाद्याला वणव्याची झळ लागली असेल, एखादं शेजाऱ्याच्या सावलीत दबलं असेल. ते त्याच्यापुरतं राहतं. दुष्काळ बहुतेकांच्या कांडीत एकाच वर्षी उमटतो. गंमत म्हणजे फारच वाईट वर्षी एखादं झाड वलय धरतच नाही. नुसतं मोजत गेलात तर नेमकं तेच वर्ष गायब! शेजारच्या कांड्यांशी जुळवताना ते सापडतं. झाडंही निवडून घेतात, खडकाळ, पाणी न धरणाऱ्या उतारावरची. ओढ्याकाठच्या देवदाराला दुष्काळाचं काय?

पडताळणी म्हणाल तर पर्जन्यमापकाच्या निम्म्या नोंदींवरून वलयांचं आणि पावसाचं नातं बसवतात, उरलेल्या झाकून ठेवतात. वलयांवरून काढलेले आकडे त्या झाकलेल्या नोंदींशी जुळले नाहीत, तर गणित रद्दीत. शिवाय दख्खन होरपळून काढणारा 1876–78 चा दुष्काळ कागदोपत्री आहेच. आशियातल्या तीनशेहून अधिक ठिकाणच्या झाडांवरून 2010 मध्ये मान्सूनच्या दुष्काळांचे नकाशे तयार झाले, त्यांतही तो दिसतो.

तिसरा आक्षेप अर्धा खरा. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांची वलयं अस्पष्ट असतात, पण सागाची नसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दक्षिणेतल्या सागावरून 523 वर्षांची नोंद मांडली आहे.

खरी कच्ची बाजू संदेशवाल्यांना सापडलीच नाही. पश्चिम हिमालयातला देवदार मुख्यतः मार्च ते मे मधल्या ओलीबद्दल बोलतो. त्याच्यावरून 1731 पासूनचा पाऊस काढला गेला, तोही वसंतातलाच. त्या आकड्यांवरून कोणी “अमुक साली मान्सून बुडाला” असं ठोकून दिलं, तर त्याला जरूर अडवा.