नरक संपेल असं मी का मानते: ग्रुपवर फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

आपल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला, त्यात माझी सख्खी मावशीही आहे. संदेश म्हणतो, नरक तात्पुरता आहे आणि देवाची शिक्षा माणसाला सुधारण्यासाठी आहे, ही शिकवण खोटी आहे. त्यासाठी पाच कारणं दिली आहेत. शास्त्रात ‘सार्वकालिक शिक्षा’ असं स्पष्ट लिहिलं आहे. देव प्रेमळ असला तरी न्यायीही आहे, आणि अनंत देवाविरुद्ध केलेल्या पापाला शिक्षाही अनंतच हवी. ही शिकवण पाश्चात्त्य उदारमतवाद्यांनी अलीकडे काढली. मंडळीच्या महासभेने ती पाखंड ठरवली आहे. आणि नरक संपणार असेल तर पापाला भिणार कोण, सुवार्ता सांगायची तरी कशाला? शेवटी एक सूचना आहे: असं मानणाऱ्यांच्या हाती संडेस्कूल देऊ नका.

मी संडेस्कूलमध्ये शिकवते आणि मी असंच मानते. तेव्हा उत्तर देणं माझ्याकडे येतं.

आधी माझी बाजू नीट मांडते, कारण संदेशात ती वाकडी करून सांगितली आहे. नरक नाही असं मी म्हणत नाही. न्याय होणार नाही असंही म्हणत नाही. देवाचा अग्नी खरा आहे आणि त्यात शिरणाऱ्याला तो सोसवणारा नाही. मी एवढंच मानते की त्या अग्नीला एक काम आहे आणि ते काम पुरं होणार आहे. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू रुपं, म्हणजे चांदी, शुद्ध करणाऱ्यासारखा भट्टीपाशी बसतो. रुपं जाळून टाकायला कोणी भट्टी पेटवत नाही.

आता पहिलं कारण, आणि सगळा भार त्याच्यावरच आहे. मत्तय २५:४६ मध्ये ‘सार्वकालिक शिक्षा’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ हे दोन्ही एकाच वाक्यात येतात. संदेश विचारतो, शिक्षा संपणार असेल तर जीवनही संपेल का? प्रश्न जुना आहे आणि वजनदार आहे. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात हाच मुद्दा मांडला होता. पण तो लॅटिन वाचत होता आणि आपण मराठी वाचतो. मत्तयाने लिहिलेला ग्रीक शब्द आहे ‘आयोनिओस’. तो ‘आयोन’ म्हणजे युग या शब्दापासून झाला आहे: युगाचा, येणाऱ्या युगातला, ज्याचा शेवट नजरेला दिसत नाही असा. (मूळ भाषेत जाणं म्हणजे पंडितीपणा, असं कोणी म्हणेल. पण आपल्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ही वाट आपल्या घरातलीच आहे.)

शास्त्र स्वतः हा शब्द कसा वापरतं ते पाहा. योना माशाच्या पोटातून प्रार्थना करतो की पृथ्वीचे अडसर आपल्यामागे सर्वकाळासाठी लागले आहेत. तिथला हिब्रू शब्द ‘ओलाम’, ज्याच्या जागी जुन्या ग्रीक भाषांतरात हाच युगाचा शब्द येतो. योनाचा तो सर्वकाळ तीन दिवसांचा निघाला. हबक्कूक ३:६ तर या वादासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. सर्वकाळच्या टेकड्या खचल्या, आणि देवाचे मार्ग मात्र सर्वकाळचे आहेत. एकच वचन, एकच शब्द, पण टेकड्या संपतात आणि देवाचे मार्ग संपत नाहीत. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या ओळीही तशाच आहेत. रहस्य ‘आयोनिओस’ काळ गुप्त होतं आणि आता प्रकट झालं, म्हणजे तो काळ संपला. पुढच्याच वचनात देवाला तोच शब्द लावला आहे, आणि देव संपत नाही. एका वाक्यात एक शब्द दोनदा आला म्हणून दोन्हींची लांबी सारखी होत नाही. आपलं जीवन न संपणारं आहे याची हमी या विशेषणात नाहीच. ती येशूच्या पुनरुत्थानात आहे, १ करिंथकरांस १५ मध्ये आहे, जिथे हे मर्त्य अमरत्व पांघरतं.

यहूदाच्या पत्रात सदोमाला ‘सार्वकालिक अग्नी’ची शिक्षा झाल्याचं लिहिलं आहे. संदेशात हे वचन ठळक अक्षरांत आहे. मग यहेज्केल १६ उघडा. तिथे परमेश्वर म्हणतो की मी सदोमाला आणि तिच्या कन्यांना पूर्वस्थितीत आणीन. सार्वकालिक अग्नीत गेलेलं तेच नगर परत आणण्याचं वचन देव देतो. संदेश लिहिणाऱ्याने हा अध्याय वाचला नसेल असं मी म्हणणार नाही, पण तो संदेशात नाही एवढं खरं.

त्याच मत्तय २५:४६ मधला ‘शिक्षा’साठीचा शब्द ‘कोलासिस’ आहे. अ‍ॅरिस्टॉटलने दोन शब्दांत फरक केला होता. ‘कोलासिस’ शिक्षा भोगणाऱ्याच्या भल्यासाठी, ‘तिमोरिया’ शिक्षा देणाऱ्याच्या समाधानासाठी. झाडाची वाढ आवरण्यालाही ‘कोलासिस’ म्हणत. पुढे लोक हा फरक काटेकोरपणे पाळत नव्हते, म्हणून एकट्या या शब्दावर मी डोलारा उभा करणार नाही. पण मत्तयाने सूडाचा शब्द वापरलेला नाही, याची नोंद संदेशवाल्यांनी घ्यायला हवी होती.

प्रभू येशूने ज्याला ‘गेहेन्ना’ म्हटलं ती यरुशलेमच्या दक्षिणेची खरीखुरी जागा आहे, हिन्नोमचं खोरं. तिथे ‘तोफेत’ नावाचं होमाचं ठिकाण होतं. तिथे आईबाप आपल्या पोटच्या मुलांना आगीत होमत. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून ते बंद पाडलं. आता यिर्मया ७:३१ मध्ये परमेश्वर त्या कृत्याबद्दल काय म्हणतो ते बघा: हे मी सांगितलं नव्हतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. हे वचन मी कितीतरी वर्षं वाचून पुढे जात होते. एका रविवारी मुलांना शिकवताना मधेच थांबले. आपल्या लेकरांना आगीत टाकणं ज्या देवाच्या मनाला शिवलंही नाही, त्याच देवाबद्दल आपण सांगतो की तो आपली लेकरं आगीत टाकेल आणि कधीच बाहेर काढणार नाही, आणि नेमकं त्याच खोऱ्याचं नाव घेऊन सांगतो! त्याच यिर्मयाच्या ३१व्या अध्यायाच्या शेवटी प्रेतांचं आणि राखेचं सगळं खोरं परमेश्वराला पवित्र होईल असं लिहिलं आहे. बहुतेक अभ्यासक ते हिन्नोमचंच खोरं मानतात. गेहेन्नाची अखेर काय, हे विचारणाऱ्याने हे वचन वाचावं.

दुसरं कारण न्यायाचं. ‘अनंत देवाविरुद्धचं पाप अनंत’ हा युक्तिवाद मध्ययुगातल्या ईश्वरविज्ञानात बसतो, पण येशूच्या तोंडी तो येत नाही. लूक १२ मध्ये प्रभू म्हणतो, ज्याला धन्याची इच्छा ठाऊक होती त्याला पुष्कळ फटके, ज्याला ठाऊक नव्हती त्याला थोडे. शिक्षा अनंत असेल तर ‘थोडे’ या शब्दाला अर्थच उरत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवाद २५ मध्ये, अपराध्याला चाळीसपेक्षा जास्त फटके मारायला मनाई आहे, आणि कारणही दिलं आहे: जास्त मारलंत तर तुमचा भाऊ तुमच्या नजरेत तुच्छ ठरेल. ज्याने माणसांच्या हातातल्या चाबकाला आकडा घालून दिला, त्याच्या स्वतःच्या शिक्षेला आकडा नसेल?

संदेश वर म्हणतो की देवाला माणसाच्या मापाने मोजू नका, तो काही आपल्यासारखा हळवा बाप नाही. अगदी बरोबर. होशेय ११ मध्ये देव हेच म्हणतो: मी देव आहे, मनुष्य नाही. पण हे तो कशासाठी म्हणतो? एफ्राईमवर, म्हणजे इस्राएलवर, आपला संताप बरसवणार नाही, त्याचं कारण म्हणून म्हणतो. माणसाचा राग धुमसत राहतो, देवाचा राहत नाही. विलापगीत ३ म्हणतं, प्रभू कायमचा टाकून देत नाही. दुःख दिलं तरी करुणाही करतो, कारण मनुष्यपुत्रांना तो मनापासून दुःख देत नाही. इब्री १२ म्हणतं, आपण त्याच्या पवित्रतेचे वाटेकरी व्हावं म्हणून तो शिस्त लावतो. न्याय एका खिशात आणि प्रेम दुसऱ्या खिशात, असा देव मला शास्त्रात भेटत नाही.

‘ही अलीकडची पाश्चात्त्य शिकवण’ हे वाचून मात्र मला वाईट वाटलं, कारण पूर्वेकडच्या मंडळीला आपण किती विसरलो आहोत ते त्यातून दिसतं. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी आजच्या तुर्कस्तानातला, ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल महासभेत बसलेला, त्रैक्याच्या शिकवणीचा आधारस्तंभ. त्याची थोरली बहीण मॅक्रिना मृत्युशय्येवर असताना दोघांचं आत्म्याविषयी बोलणं झालं, ते त्याने लिहून ठेवलं आहे. त्यात मॅक्रिनाच्या तोंडी एक दाखला आहे. चिखल वाळून घट्ट बसलेला दोर अरुंद भोकातून ओढला की चिखल खरवडून निघतो आणि दोराला ताण सोसावा लागतो. ओढणाऱ्याला दोर हवा असतो. देव आत्म्याला आपल्याकडे ओढतो तेव्हा वेदना होते ती अशी. शेवटी दुष्टाई कुठेच उरणार नाही आणि देव सर्वांत सर्व होईल, असं ग्रेगरी स्पष्ट लिहितो.

सातव्या शतकातला निनवेचा इसहाक तर युरोपचा नव्हेच. आजच्या कतारच्या भागात जन्मलेला, सिरियाक भाषेत लिहिणारा, केरळच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीचं ज्या पूर्वेच्या मंडळीशी नातं होतं तिचा बिशप. तो म्हणतो, गेहेन्नात जे आहेत त्यांना प्रेमाचेच फटके बसतात. प्रेमाविरुद्ध आपण पाप केलं, ही जाणीव कुठल्याही यातनेपेक्षा तीव्र असते. देव सूड म्हणून शिक्षा देतो असं मानणं त्याला ईश्वरनिंदा वाटत होतं. आणि ऑगस्टीन, ज्याच्यामुळे पश्चिमेत कायमच्या नरकाची शिकवण पक्की झाली, तोही कबूल करतो की त्याच्या काळी पुष्कळ ख्रिस्ती माणसं न संपणारी शिक्षा मानत नव्हती.

महासभेचा मुद्दा लवकर आटपतो. ५५३च्या महासभेशी जोडलेले पंधरा निषेध ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंताच्या नावाने चालणाऱ्या एका विशिष्ट मताविरुद्ध आहेत, ज्यात आत्मे जन्माआधीच अस्तित्वात होते हे गृहीत धरलं होतं. ते निषेध महासभेनेच मंजूर केले का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. ग्रेगरीला कोणी हात लावला नाही. उलट ७८७च्या महासभेत त्याचा गौरव पित्यांचा पिता असा झाला. प्रेषितांचा मतांगीकार आपण दर रविवारी म्हणतो, त्यात जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय आहे, नरक कायमचा असल्याचा शब्दही नाही. अथनासियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकारात तो आहे, आणि लुथरनांच्या १५३०च्या कबुलीतही आहे. हे मी लपवत नाही.

आता शेवटचं कारण: भीती नसेल तर सुवार्ता कशाला? हा प्रश्न आमच्या घरात पुस्तकातून आलेला नाही. माझी पणजी बाप्तिस्मा न घेता वारली. तिच्या मुलाने दोन वर्षांनी घेतला. माझ्या लहानपणी एका पाळकांनी प्रार्थनासभेत, आजोबा समोर बसलेले असताना, अशा पूर्वजांची आता काहीच आशा नाही असं सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर ते पणजीचं नाव घरात फारसं घेईनासे झाले, आणि ती शांतता मला अजून आठवते. महाराष्ट्रातल्या पहिल्या पिढीच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत अशी एखादी शांतता असेल.

हीच टोचणी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) एका मिशनऱ्यालाही होती. रॉबर्ट ह्यूम मुंबईत जन्मलेले, अहमदनगरला ईश्वरविज्ञानाचं शिक्षण देणारे. १८८६ मध्ये अमेरिकेत सुट्टीवर असताना, ज्यांनी हयातीत ख्रिस्ताचं नाव ऐकलं नाही त्यांना मृत्यूनंतर ती संधी मिळू शकते या मताला त्यांनी मोकळेपणाने जागा दिली. त्यांना परत पाठवावं की नाही यावरून मिशन बोर्डात वादळ उठलं. त्यांच्या विरोधकांचा आक्षेप आजच्या संदेशातलाच होता: मग मिशन कशाला? ह्यूम परत आले आणि पुढची कित्येक दशकं अहमदनगरातच राबले. सगळ्यांचं तारण होईलच असं ते म्हणत नव्हते, मी त्यांना माझ्या बाजूला ओढत नाही. पण आशेमुळे त्यांचे हात ढिले पडले नाहीत, हे संदेशाच्या मुद्द्याला पुरेसं उत्तर आहे. आजार बरा होणारा आहे हे कळल्यावर कोणी औषध द्यायचं थांबवतं का? आणि भट्टीतून जावं लागू नये म्हणून आजच पश्चात्ताप करा, हे मी मुलांना सांगते आणि मनापासून सांगते. १ करिंथकरांस ३ मध्ये पौल म्हणतो, एखाद्याचं काम जळून जाईल, त्याचं नुकसान होईल, तो मात्र तारला जाईल, पण जणू अग्नीतून. त्या ‘अग्नीतून’ला मी भिते.

दोन वचनांपुढे मी अजूनही अडते. येशूला धरून देणाऱ्या यहूदाविषयी प्रभू म्हणाला की तो जन्माला आला नसता तर बरं झालं असतं. आणि प्रकटीकरण २०:१० मध्ये युगानुयुगांची पीडा आहे. पहिल्यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. दुसऱ्याच्या बाबतीत एवढं सांगते की पुढचा अध्यायही वाचावा. १९व्या अध्यायात पृथ्वीचे राजे ख्रिस्ताविरुद्ध लढायला जमलेले दिसतात. २१व्यात पृथ्वीचे राजे आपलं वैभव घेऊन नव्या यरुशलेमेत येतात, आणि त्या नगरीच्या वेशी कधी बंद होत नाहीत. आत जीवनाचं झाड आहे, त्याची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत. नगरीच्या बाहेर कोण आहे हे २२:१५ सांगतं. दोन वचनांनंतर आत्मा आणि वधू हाक मारतात: ये.

संडेस्कूलबद्दलची सूचना माझ्या मंडळीचे वडील काय ती ठरवतील. या महिन्यात वर्गात लूक १५ चालू आहे. शंभर मेंढरांतलं एक हरवलेलं, आणि मेंढपाळ ते ‘सापडेपर्यंत’ शोधत जातो. एका मुलीने विचारलं, रात्र झाली तर? मी तिला तोच शब्द पुन्हा वाचून दाखवला.