‘ते वेळीच निघून का गेले नाहीत?’

जर्मनीतल्या ज्यूंचा विषय निघाला की हा प्रश्न कुणीतरी हमखास विचारतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण मला तो दर वेळी टोचतो. कारण ते निघाले होते. १९३३ मध्ये जर्मनीत साधारण ५ लाख ज्यू होते आणि १९३९ चं युद्ध सुरू होईपर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त देश सोडून गेले होते. उरलेले कॉन्सुलेटच्या रांगांत उभे होते.

ऑक्टोबर १९४१ मध्ये देश सोडायला बंदी येईपर्यंत नाझींना ज्यू बाहेरच घालवायचे होते. अर्थात नागवून. मालमत्तेवर पलायन-कर, बँकेतला पैसा अडकवलेला, खिशात जेमतेम १० मार्क. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबलं. त्यातल्या बहुतेकांची सुटका ‘देश सोडतो’ या अटीवर झाली. सोडून जायचं कुठे?

त्याच वर्षी जुलैत, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने, फ्रान्समधल्या एव्हियान या सरोवराकाठच्या गावी या निर्वासितांना कोण घेणार यावर ३२ देशांची परिषद भरली होती. एकेक प्रतिनिधी उठायचा, हळहळायचा आणि आमच्याकडे जागा नाही म्हणून खाली बसायचा. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने सांगितलं की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करायची आमची इच्छा नाही. अख्खं खंड ज्यांच्या ताब्यात, ते हे बोलत होते! १ लाख माणसं घ्यायची तयारी दाखवली ती फक्त डॉमिनिकन रिपब्लिकने, म्हणजे आदल्याच वर्षी हजारो हैतियन लोकांची कत्तल करवणाऱ्या तिथल्या हुकूमशहा त्रुहियोने. त्याचा हेतू काही स्वच्छ नव्हता. पण तिथल्या सोसुआ गावी पोचलेली काहीशे माणसं जगली.

परिषदेनंतर तीन महिन्यांत जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’, म्हणजे ‘ज्यू’ची खूण, उमटू लागला. तसा शिक्का मारण्यामागे स्वित्झर्लंडचा आग्रह होता. निर्वासित सीमेवरच ओळखता यावेत म्हणून! तटस्थ देशाचं हे कर्तृत्व मला फार भयंकर वाटतं.

मंदी होती, बेकारी होती, सरकारांचाही नाइलाज होता, असं म्हणणारे भेटतात. मंदी खरी होती, पण अमेरिकेने स्वतःच ठरवलेला जर्मन कोटा, म्हणजे जर्मनीतून वर्षाला किती जणांना घ्यायचं ती मर्यादा, १९३८ पर्यंत बहुतेक वर्षी भरलाच गेला नाही. ‘सरकारवर भार पडेल’ हे कारण दाखवून अर्ज फेटाळले जात. पुढे वर्षाला २७ हजारांच्या कोट्यासाठी ३ लाखांहून जास्त अर्ज तुंबले. २०,००० मुलांना कोट्याबाहेर आणायचं विधेयक १९३९ मध्ये समितीतच मेलं. ब्रिटनने जवळपास १०,००० मुलं घेतली. आईवडिलांना नाही.

आणि ‘सेंट लुई’. मे १९३९ मध्ये हॅम्बुर्गहून ९३७ प्रवासी घेऊन हे जहाज हवानाला गेलं. क्यूबाने आधी दिलेले परवाने मधल्या काळात रद्द केले होते. अमेरिकेनेही उतरू दिलं नाही. बहुतेकांची नावं अमेरिकी व्हिसाच्या यादीत होती, मायामीचे दिवे डेकवरून दिसत होते. कप्तान गुस्टाव श्रोडरने परत जायची शक्य तितकी टाळाटाळ केली, शेवटी जहाज अँटवर्पला नेलं. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सनी प्रवासी वाटून घेतले. पुढच्याच वर्षी जर्मन फौजा त्यातल्या तीन देशांत शिरल्या. या जहाजावरचे २५४ जण नाझींच्या हाती मेले. तेही वेळीच निघालेले होते.

शांघायला उतरायला तेव्हा व्हिसा लागत नसे, म्हणून हजारो ज्यू तिकडे गेले. थोडे मुंबईतही आले. आकाशवाणीची ती ओळखीची धून ज्याच्या नावावर आहे तो संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये इथे आला. ज्यू पत्नीला घेऊन व्हिएन्नाहून आलेल्या चित्रकार वॉल्टर लँगहॅमरच्या घरी रझा, आरा, हुसेन या चित्रकारांची ऊठबस असे. आपण याचं कौतुक करतो, करावंच. मात्र ब्रिटिश सरकार इथेही येणाऱ्यांसाठी हमी देणारा जामीन मागत होतं, आणि तो मिळवून द्यायला मुंबईच्या ज्यू मदत संघटनेला धडपडावं लागत होतं. युद्ध सुरू होताच नाझींपासून पळून आलेल्या यातल्या अनेकांना ‘शत्रू देशाचे नागरिक’ म्हणून नाझी समर्थकांबरोबरच स्थानबद्ध केलं गेलं.

तेव्हा ‘का गेले नाहीत’ हे मेलेल्यांना विचारू नका. एव्हियानला बसलेल्या ३२ देशांना विचारा.