पगाराचा मॅक्रो सांभाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

ऑफिसात एक्सेलची नवी आवृत्ती टाकायची तर मुहूर्त पगाराच्या आदल्या दिवशीचाच धरा. जुनी आधी काढून टाका, म्हणजे मागे वळायचा मोह होत नाही. मग पगाराची फाइल उघडून सरळ ‘एक्सएलएसएक्स’ म्हणून सेव्ह करा. २००७ पासून मॅक्रोवाल्या, म्हणजे कामं आपोआप करणारा कोड असलेल्या, फाइलीला ‘एक्सएलएसएम’ लागतं, नाहीतर कोड गळून पडतो, अशी सूचना पडद्यावर येईल. सूचना वाचायच्या नसतात. मॅक्रोच गेला की तो बिघडायचा प्रश्नही मिटला.

त्यातूनही तो वाचलाच, तर खरी मौज घरभाडे भत्त्याची. फोर्टच्या ऑफिसातून केव्हाच निवृत्त झालेल्या हेडक्लार्कसाहेबांनी १९९८ साली भत्त्याच्या दराच्या खान्याला ‘एचआरए९८’ असं सुटसुटीत नाव दिलं. तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. शीटला २५६ कॉलम, शेवटचा ‘आयव्ही’. २००७ मध्ये कॉलम झाले १६,३८४, शेवटचा ‘एक्सएफडी’, आणि त्या ऐसपैस वस्तीत ‘एचआरए’ नावाचाही एक कॉलम निघाला. फाइल नव्या साच्यात घेताना एक्सेल बिचारं जुन्या नावाआधी अंडरस्कोर लावून घेतं. मॅक्रोत अवतरणचिन्हांत लिहिलेलं नाव मात्र जसंच्या तसं राहतं. मग मॅक्रो दर शोधत थेट एचआरए कॉलमच्या ९८व्या ओळीत जाऊन उभा राहतो. तिथे काहीच नाही. एरर नाही, तक्रार नाही, भत्ता शून्य. मुंबईतली भाडी बघता तसाही फरक तो काय पडणार!

ठाणे-अंधेरीच्या शाखांच्या फाइली शोधून देणारं ‘फाइलसर्च’ही २००७ मध्येच काढून टाकलं गेलं. घाबरू नका. कोडच्या डोक्यावर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, म्हणजे ‘चूक झाली तरी पुढे चला’, लिहा. शाखा आपोआप वगळल्या जातात आणि बेरीज लवकर आटपते.

६४-बिट ऑफिसने कोडातल्या ‘डिक्लेअर’च्या, म्हणजे बाहेरची फंक्शन्स बोलावणाऱ्या, ओळी अडवल्या, तर प्रत्येकीत ‘ही ६४-बिटला चालते’ अशी हमी देणारा ‘पीटीआरसेफ’ शब्द कोंबून घरची लोकल पकडा. ३२-बिटच्या ‘लाँग’ आकड्याच्या जागी मेमरीतले पत्ते मावणारं ‘लाँगपीटीआर’ कुठे हवं ते तपासणं हे रिकामटेकड्यांचं काम.

ऑडिटर आलाच, तर त्याला कोड दाखवू नका, बटण दाखवा. त्यावर ‘पगार’ असं ठळक लिहिलेलं आहे, आणि ते अजून व्यवस्थित दाबलं जातं.