कलेसाठी सरकारी पैसा: द्यावा, पण कशावर?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवरावांची जयंती होती. पुढे पुनर्बांधणीसाठी शासनाने निधी जाहीर केला, तेव्हा लोकांच्या पैशातून नाटकाची वास्तू कशाला, असे कोल्हापुरात कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. एरवी मात्र हा प्रश्न हमखास निघतो. शाळांची छपरे गळत असताना आणि शेतकरी कर्जात बुडालेला असताना नाटक-गाण्यावर खर्च करणे ही चैन आहे, असे म्हणणारी माणसे माझ्या परिचयात आहेत आणि त्यांची तळमळ खोटी नाही. त्यांना मी एवढेच सांगतो की, हे नाट्यगृह १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उघडणाऱ्या, त्याला लागून खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधणाऱ्या आणि गायक अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय देणाऱ्या शाहू महाराजांनीच १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शाळा आणि रंगमंच यांपैकी एकच निवडावे लागते, असे त्यांना वाटले नव्हते.

सरकारने कलेला पैसा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई-पुण्यातील व्यावसायिक नाटक तिकीटविक्रीवर तग धरते. त्याला अनुदान मिळाले नाही तरी ते मरणार नाही. परंतु नांदेडला किंवा अकोल्याला नोकरी सांभाळून रात्री तालमी करणाऱ्या हौशी संस्थेला बाजार काय देणार? तिच्यासाठी १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्यस्पर्धा हाच मोठा आधार आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेने याच स्पर्धेसाठी बसवले. भारतीय रंगभूमीवरचे एक महत्त्वाचे नाटक सरकारी स्पर्धेच्या निमित्ताने उभे राहते, ही गोष्ट सरकारी मदतीच्या विरोधकांनी विचारात घ्यायला हवी.

तथापि याच शासनाचा दुसरा हातही आपण पाहिलेला आहे. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’वर बंदी आली आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावे लागले. प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत नाटकवाल्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात वावगे काही आहे असेही आता कोणाला फारसे वाटत नाही. पुरस्कारांचेही तेच. डिसेंबर २०२२ मध्ये, माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने रद्द केला आणि तज्ज्ञांची निवड समितीच बरखास्त केली. पुस्तक चांगले की वाईट, हा वाद मला येथे घालायचा नाही. ज्यांना परीक्षक नेमले त्यांचा निकाल पसंत पडला नाही म्हणून तो मागे घेणे, हे सरकारी पैशाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्याला सर्वांत अडचणीत आणणारे वर्तन आहे.

म्हणून पैसा द्यावा की नाही यापेक्षा तो कशावर द्यावा, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जिल्ह्याच्या ठिकाणी धड प्रकाशव्यवस्था असलेले नाट्यगृह, परवडणाऱ्या भाड्यात तालमीची जागा, जुन्या ध्वनिमुद्रणांचे आणि हस्तलिखितांचे जतन, म्हाताऱ्या शाहिरांचे आणि तमाशा कलावंतांचे वेळेवर मिळणारे मानधन, ही कामे सरकारच मोठ्या प्रमाणावर करू शकते आणि त्यांत कोणाच्या विचारांची परीक्षा घ्यावी लागत नाही. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई नारायणगावकरांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्या गेल्यानंतर सुरू झाला. गौरव समारंभात मंत्र्यांचे छायाचित्र निघते, मानधनाच्या यादीत निघत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे, अशी मला शंका आहे.

अर्थात वास्तूंवरचा खर्चही आपोआप सत्कारणी लागतो असे नाही. पणजीच्या कला अकादमीत नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या या वास्तूत गोव्यातील मराठी नाटकांच्या कित्येक स्पर्धा रंगल्या आहेत. अशा कामांत ठेकेदार आणि खाते यांच्या जोडीला रंगकर्मीही देखरेखीला असले पाहिजेत, कारण विंगेत किती जागा लागते आणि आवाज कुठे घुमतो, हे त्यांनाच ठाऊक असते.

पुरस्कार आणि स्पर्धा बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, तो जाहीर झाल्यावर मंत्री किंवा सचिव बदलू शकणार नाहीत आणि समितीला ठरलेल्या मुदतीपूर्वी काढता येणार नाही, एवढी कायद्याने बांधून दिलेली तरतूद मला पुरेशी वाटते. तिला तिजोरीतून जादा रुपयाही लागत नाही. तरीही अशी मागणी कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात माझ्या पाहण्यात आलेली नाही, आणि साहित्य संमेलनाच्या मांडवात मंत्र्यांशेजारी बसणारे आपले साहित्यिकही ती फारशी लावून धरत नाहीत.